वजन हरवलेल्या मोहरा

एका राज्यात मोहरा वाऱ्यावर उडत. खोटं वाटतं ना? पण बाजारात बायका मोहरांची थैली खुंटीला बांधून मगच भाजी निवडीत, आणि थैलीभर मोहरा मोजल्या तरी ओंजळभर ज्वारी पदरात पडत नसे.

राजवाड्यात सोन्याचा झरा होता. ज्याला धंदा काढायचा त्याने झऱ्यातून मोहरा उसन्या न्याव्यात आणि व्याजासह परत आणून सोडाव्यात, अशी रीत. व्याजाचं तांब्याचं चाक कोषपालीण हैमवतीच्या हाती असे. ते वर फिरवलं की सगळ्यांचंच व्याज चढे, खाली फिरवलं की उतरे. पण चंद्रकेत राजाला जयजयकाराची भारी हौस! दर सणाला तो म्हणे, "हैमवती, प्रजेला भेट म्हणून व्याज उतरव." ती मुकाट्याने उतरवी. राजाला नाही म्हणायची तिची छाती नव्हती. मग काय, जो तो मोहरा उपसू लागला. धान्य तेवढंच राहिलं, मोहरा उदंड झाल्या. आणि झऱ्याला मांत्रिकाचा शाप होता, की धान्याहून मोहरा वाढल्या तर त्यांचं वजन जाईल.

एके दिवशी एका म्हाताऱ्या शिपायाची जन्माची पुंजी खिडकीतून उडून गेली. तो नुसता बघत राहिला. हैमवती तडक चाकापाशी गेली. चाकावर बसणाऱ्या राघूला तिने विचारलं, "शाप कसा उतरेल?"

राघू म्हणाला, "चाक तीनदा वर फिरव. दर खेपेला कुणी तरी हात धरील. एकदा जरी मागे फिरवलंस, तर मोहरा कायमच्या गेल्या."

पहिल्या खेपेला व्यापारी आले. "बाईसाहेब, आमच्या पेढ्या बुडतील."

"काही बुडतील," ती म्हणाली आणि तिने चाक फिरवलं.

दुसऱ्या खेपेला खुद्द राजा आला. "उद्या माझी सुवर्णतुला आहे. लोक माझ्या नावानं बोटं मोडतील."

"महाराज, उद्या मोहरांचं पारडं खाली आलं, तर मी हात आवरीन."

दुसऱ्या दिवशी राजा एका पारड्यात बसला. दुसऱ्यात मोहरांची रास छताला टेकली, तरी राजाचं पारडं जमिनीवरून हलेना. दरबारात कुणी तरी फिसकन हसलं. राजा कान लाल करून उठला. "फिरव," एवढंच म्हणाला.

तिसऱ्या खेपेला तिचा धाकटा भाऊ सोमदत्त आला. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. "ताई, व्याज उतरलंय, घागरींची भट्टी बांध, असं तूच म्हणाली होतीस. आता चढलं तर माझी भट्टी जाईल गं."

तिला रडू कोसळलं. "हो रे, मीच म्हणाले होते. चूक माझी, आणि भोगायचं तू." रडता रडताच तिने चाक फिरवलं.

लोक मोहरा झऱ्यात परत सोडू लागले. रास ओसरली आणि उडत्या मोहरा खणखणत अंगणाअंगणांत पडल्या. शिपायाला पोतंभर ज्वारी मिळाली. पुढल्या तुलेला चार टोपल्या मोहरांनीच राजाचं पारडं उचललं गेलं, आणि सणाला त्याने प्रजेला नुसती साखर वाटली.

सोमदत्ताची भट्टी गेली. तो दुसऱ्याच्या भट्टीवर राबू लागला. एकदा तो बाजारात घागरी मांडून बसला होता, तेव्हा हैमवती त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. तिने एक घागर उचलली.

"केवढ्याला?"

"एक मोहर."

तिने मोहर दिली. त्याने ती तळहातावर तोलली.

"जड आहे," तो म्हणाला. 'ताई' मात्र म्हणाला नाही.