कोरडी टोपी

"आत कोणी आहे की नाही, एवढंच मला ठरवायचंय."

हेरंब हे म्हणाला तेव्हा बुवा मठाच्या ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. बुवा हे हेरंबचे आणि त्याच्या थोरल्या भावाचेही गुरू.

तो भाऊ गाडीवरून पडला, त्याला तीन महिने झाले. डोळा उघडलेला नाही. मेंदूच्या लहरी टिपणारी टोपी हेरंबने स्वतः बनवलेली. ना डोकं भादरायचं, ना जेल चोपडायचं. कोरडे दाते केसांतून थेट कातडीला टेकतात. केवढा तोरा त्याला त्या टोपीचा. सोमवारी ती भावाच्या डोक्यावर चढवली, तर पडद्यावर सरळ रेघ. उद्या सकाळी श्वासाचं यंत्र बंद करायच्या कागदावर सही करायची होती, आणि घरचे सगळे हेरंबच्या तोंडाकडे बघत होते.

"टोपी चुकत नाही," तो म्हणाला. "तरी एकदा जित्याजागत्या डोक्यावर बघतो म्हटलं."

"मग माझं घे की."

बुवांच्या तुळतुळीत डोक्यावर टोपी बसली. टोपीच्या वायरीचा चिमटा कानाला लावला.

रेघ सरळ.

बुवांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि कडाकडा चावलं. नुसते दात आवळले तरी रेघ थयथयाट करते, हे हेरंबला पक्कं ठाऊक. ती हलली नाही. त्याने दाते दाबून पाहिले, वायरी तपासल्या. सगळं जागच्या जागी होतं. भर दुपारी त्याच्या अंगावर काटा आला.

"बुवा… इथं तर कोणीच नाही."

"असं?" बुवा चावत म्हणाले. "त्या दिवशी भावाला हाक मारली होतीस?"

"छे. टोपी चालू असताना कुणी बोलायचं नसतं, हात लावायचा नसतो. मी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं होतं. आईलासुद्धा."

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला.

"आता मार हाक," ते म्हणाले.

"इथं?"

बुवांनी डोळे मिटले. तोंड चालायचं थांबलं. श्वासही ऐकू येईना.

हेरंबला लाज वाटली, भीतीही वाटली. तीन महिन्यांत तो शब्द त्याच्या तोंडून निघालाच नव्हता.

"दादा…"

रेघ उसळली. पडद्याच्या वरच्या कडेला थडकली आणि थरथरत राहिली.

बुवांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नव्हती. हेरंबने त्यांचा हात घट्ट धरला. "हे तुम्हीच केलंत ना? सांगा ना, बुवा."

बुवांनी सावकाश डोळे उघडले. टोपी काढून त्याच्या मांडीवर ठेवली.

"हाक तू मारलीस," ते म्हणाले. "ओ कोणी दिली, ते मला कशाला विचारतोस…"