धनेशाचा शब्द

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, शब्दही साधेच आहेत. सांभाळून घ्या.

फार पूर्वी देवराईतल्या धनेश पक्ष्याने देवासमोर म्हटलं, "पिल्लू उडेपर्यंत रोज चारा आणीन." त्या शब्दावर धनेशीण ढोलीत बसली आणि चोचीपुरती फट ठेवून तिने ढोलीचं तोंड आतून मातीने लिंपलं.

पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. एका सकाळी उंबरं कमी मिळाली, तशी धनेशीण कुरकुरली. धनेश ओरडला, "आयतं खातेस आणि वर कुरकुर! आता येतच नाही मी."

संध्याकाळी तो उंबरं घेऊन आला, तर लिंपण फुटलेलं. बिनपिसांचं पिल्लू उघड्यावर कुडकुडत होतं. धनेशीण चारा शोधून धापा टाकत परतली.

"अगं, रागात बोललो! खरं कशाला धरलंस?"

"देवासमोर बोललात, तेही खरंच धरलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी धनेशाने माती आणून दिली. धनेशिणीने पिल्लू आत ठेवून ढोली लिंपली, पण या वेळी स्वतः बाहेर राहून.