न सांगितलेले ब्रोमीन

एकदा एका वृद्ध रसायनशास्त्रज्ञांनी हेरंब नावाच्या शिष्याला काम सोपवले. ॲसेटिक आम्लात प्रथम अभिक्रिया सुरू करणाऱ्या तांबड्या फॉस्फरसची चिमूट टाकायची. मग ब्रोमीन थेंबाथेंबाने, सांगितले तेवढेच सोडायचे.

शिष्य फॉस्फरस विसरला. ब्रोमीन सोडले, तरी आत काहीच घडेना. प्रमाण कमी पडले असावे असे समजून त्याने पुन्हा सोडले, मग तिसऱ्यांदा. फ्लास्क शांतच. तेवढ्यात वृद्ध आत आले आणि कागदावर तोलून ठेवलेला फॉस्फरस त्यांना दिसला.

“काय हेरंबराव, ही चिमूट नैवेद्याला ठेवलीत?”

“विसरलो, गुरुजी.”

“ब्रोमीन किती गेलं?”

“सांगितलं होतं तेवढंच.”

तांबूस वाफ फ्लास्कच्या गळ्यापर्यंत दाटली होती. आतली पातळी दिसत नव्हती. वृद्धांनी फ्लास्क बर्फात ठेवला. “तू दाराबाहेर उभा राहा. चुकलेल्या कामापाशी एकानेच असावं.”

दाराच्या काचेतून शिष्य पाहू लागला. ‘रामकृष्णहरी’ म्हणत गुरुजींनी चिमूट उचलली. त्यांचे पांढरे मस्तक फ्लास्कच्या तोंडावर झुकले. शिष्याने दार ढकलले.

“थांबा! तीनदा ओतलंय!”

हात जागच्या जागी थिजला. वृद्धांनी चिमूट दूर नेऊन ठेवली. फ्लास्कमधले सारे द्रव्य त्यांनी ब्रोमीन निकामी करणाऱ्या हायपोच्या थंड द्रावणात हळूहळू ओतले, शेवटची लाली विरेपर्यंत.

शिष्याने त्यांचे पाय धरले. “तुम्हांला ठाऊक होतं ना, गुरुजी? माझी परीक्षा पाहत होता?”

“नाही रे. तू सांगितलंस तेवढंच मला ठाऊक होतं. मी चिमूट टाकणारच होतो.” त्यांनी रिकामा फ्लास्क खाली ठेवला. “आम्ल आणि ब्रोमीन नुसती शेजारी बसून होती. ती शांतता पाहून तू धीट झालास. चिमूट पडती, तर तिन्ही वेळचं एकदम उसळलं असतं. रोज पूजेला बसताना मला हेच भय वाटतं. आजवर माझं काही बिघडलं नाही, ते मी निर्दोष आहे म्हणून, की अजून चिमूट पडली नाही म्हणून?”

मग त्यांनी विचारले, “आणखी काही सांगायचं राहिलंय?”

‘नाही’ हा शब्द शिष्याच्या ओठांवर आला होता. त्याने तो गिळला, आणि सांगण्यासाठी गुरुजींसमोर खाली बसला.