सुभेदाराची गुराब आणि गोमाबायची होडी

कुठली नाव बुडणार हे सांगण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. कारण मी जिच्यात बसतो, तीच बुडते! पण आमच्या पणजीची, गोमाबायची, गोष्टच निराळी.

तिच्या काळी सुभेदाराने लढाईची गुराब बांधली. तीन डोलकाठ्या, ढगांएवढी शिडं, दोन्ही अंगांना तोफा. काठाच्या गाळात रुतेल म्हणून ती खाडीच्या तोंडाशी, खोल पाण्यात नांगरली. गाव डोळे विस्फारून बघत राहिला. म्हाताऱ्यांनी तर हात जोडले. दिमाखाला शोभत नाही म्हणून सुभेदाराने तिच्यावर साधी होडीसुद्धा ठेवली नाही. त्याला गुराबीवर पोचवलं ते गोमाबायच्याच होडीने.

वर चढून त्याने खाली पाहिलं. मिठाचे पडाव, लाकडं वाहणारे मचवे, जाळी टाकणाऱ्या होड्या. त्याने नाक मुरडलं.

"या राणीभोवती ही खोकी कशाला? पुन्हा एकही नाव जवळ आली, तर फोडून चुलीत घालीन!"

कोळी हबकले. खाडीच्या तोंडातून गेल्याशिवाय समुद्रात जाणार कसं, आणि खाणार काय?

गोमाबायने मुजरा केला. "कधीपासून, सरकार?"

"आत्तापासून!"

तिने हाक घातली, तशा साऱ्या नावा वळल्या. गुराबीभोवती नुसतं पाणी उरलं.

दिवस कलला. सुभेदाराला भूक लागली. कठड्याला ओणवून तो ओरडला, "ए बाय! होडी आण! मला उतरायचंय!"

गोमाबायने लांबूनच विचारलं, "आणते की, सरकार! फक्त एवढं सांगा, फोडायची कधी? तुम्ही बसायच्या आधी, की बसल्यावर?"