तापलेली चकती

"सर, उद्या शाल्मलीऐवजी मी बसलो तर?"

इंद्रजितने हे माझ्यासमोरच विचारलं. सरावाची फेरी संपवून मी अजून गाडीतून बाहेरही आले नव्हते. आमची गाडी म्हणजे तीन चाकांवरची लांबट पेटी. आत आडवं पडून चालवायची.

मुजावर सर चहा फुंकत होते. निवृत्त झाले तरी कॉलेजची कुठलीही गाडी त्यांनी बघितल्याशिवाय स्पर्धेला जात नसे.

"का? काय केलं तिनं?"

"ब्रेक दाबते. प्रत्येक वळणावर! सर, कमीत कमी पेट्रोलवर जिंकायचंय, इथे ते थेंबाथेंबाने मोजतात. जरा वेळ इंजिन चालवायचं, मग बंद करून गाडी नुसती पळू द्यायची. ही मध्येच ब्रेक मारते, की पुन्हा इंजिन चालू करा! वजन कमी व्हावं म्हणून मी बोल्टांनासुद्धा भोकं पाडली... आणि ही बाई कुकरची शिट्टी झाली तरी उडी मारते."

सगळे हसले. मीही हसले. उद्या पात्रता फेरी होती. वर्षभर ज्या सीटसाठी घरच्यांशी भांडले, ती आता जाणार, हे मला दिसत होतं.

सर गाडीशेजारी उकिडवे बसले.

"ह्या चकतीला बोट लाव."

इंद्रजितने लावलं आणि झटकन मागे घेतलं. "आई गं!"

"काय आहे ते?"

"ब्रेकची चकती, सर. तापलीय."

"तुझं पेट्रोल आहे ते."

"तेच तर सांगतोय मी!"

"हं... मग बस की तू. बघू."

मी बाहेर आले. इंद्रजित सहा फुटी. गुडघे पोटाशी घेऊन कसाबसा मावला. फेरी चालू असताना चालवणाऱ्याच्या हेल्मेटमध्ये बोलायचा वॉकीटॉकी एरवी त्याच्याच हातात असे. तो आता सरांनी उचलला.

गाडी निघाली. पहिलं वळण आलं.

"अरे सांभाळ! वळण! वळण!"

सर असे ओरडले, की बाजूला उभी असलेली मीच दचकले.

गाडीला हिसका बसला. ब्रेक.

दुसरं वळण.

"आत घे, आत! आदळशील!"

ब्रेक.

फेरी संपली तसा इंद्रजित तावातावाने बाहेर आला. "सर, काय हे! दिसत होतं की मला वळण!"

"मग ब्रेक का दाबलास?"

"तुम्ही ओरडलात म्हणून! कानात असं कुणी..."

त्याची नजर सरांच्या हातातल्या वॉकीटॉकीवर गेली.

सरांनी चहा उचलला. पार निवला होता. तरी प्यायले.

इंद्रजित वाकला. आपणहून चकतीला बोट लावलं. या वेळी लगेच काढलं नाही.

"शाल्मली... मी असाच ओरडतो तुझ्या कानात?"

"नाही रे," मी म्हटलं. "सर जरा हळू ओरडले."

पुन्हा सगळे हसले. शेवटी तोही.

चकती निवेपर्यंत थांबलो. मग मी आत आडवी झाले. त्याने वॉकीटॉकी बंद केला आणि टेबलावर पालथा ठेवला.

हेल्मेटमध्ये पहिल्यांदाच कुणी नव्हतं. चाकांची घरघर ऐकू येत होती. वळण आलं. पाय ब्रेककडे गेला... आणि तिथेच राहिला. इंजिन बंदच होतं. गाडी आपली आपण वळत गेली.

परतले तेव्हा इंद्रजितने आधी चकती चाचपली, मग टाकीत पाहिलं.

"कोमटसुद्धा नाही, सर. आणि पेट्रोल... एवढं कधीच उरलं नव्हतं."

"मग उद्या कोण?"

"हीच." त्याला रिकाम्या हातांचं काय करावं ते कळेना. "पण सर, मी कॅप्टन आहे. उद्या मी करू काय? नुसता गप्प बसू?"

सरांनी पँटची धूळ झटकली.

"वळणावर उभा राहा. तिला दिसशील असा."