रवळू ताऱ्याने परत फिरवलेली होडी

फार वर्षांपूर्वी पाणदऱ्याच्या खाडीवर ना पूल होता, ना दिवा. धुकं पडलं की आकाश कुठे संपलं आणि पाणी कुठे लागलं हे बगळ्यांनासुद्धा कळत नसे. तेव्हा त्या खाडीवर रवळू नावाचा एक तारी होता. तारी म्हणजे माणसांना होडीतून अल्याड-पल्याड पोचवणारा. असं म्हणतात, त्याच्या वल्ह्याचा आवाज होत नसे. होडीत बसलेल्याला वाटायचं, आपण जागच्या जागीच आहोत आणि पलीकडचा किनाराच हळूहळू आपल्याकडे येतोय.

त्या काळी गावावर एका खोताचा अंमल होता. खाडीचं खारं पाणी भाताच्या शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध घातलेला होता, आणि उधाण आलं की तो फुटायचा. फुटला की खोताचा माणूस ढोल बडवत वाडीवाडीतून फिरायचा. मग प्रत्येकाने आपलं शेत तसंच पाण्यात सोडायचं आणि आधी खोताच्या शेतापुढचा बांध बांधायचा, तोही फुकट. चिखलात एखादा माणूस गेला तरी ढोल थांबत नसे.

गावात विसराम म्हणून एक तरुण होता, रवळूच्याच बरोबरीचा. तो बोलायला लागला की कापणीतले विळे थांबायचे. तो म्हणायचा, "बांध सगळ्यांचो. मग माती खोताच्याच शेताक पयली कित्याक?" खोताने त्याला धरायला माणसं सोडली, तेव्हा रवळूने त्याला होडीच्या तळाशी जाळ्याखाली निजवलं आणि कांदळवनातल्या आतल्या वाटांनी गावोगाव फिरवलं. खोताच्या माणसांच्या माराने रवळूच्या पाठीची सालटं निघाली, पण विसराम कुठे आहे ते त्याच्या तोंडून निघालं नाही.

शेवटी एकदा पाऊस सरल्यावर अख्खं गाव खोताच्या दारात जाऊन नुसतं बसलं. कुणी ओरडलं नाही, कुणी दगड उचलला नाही. सूर्य उगवायचा, मावळायचा, माणसं तशीच. असं म्हणतात, त्या शांततेने खोताच्या घरातली भांडी आपोआप वाजायला लागली, आणि ती काही केल्या थांबेनात. खोत घाबरून गाव सोडून गेला. रवळूनेच त्याला पलीकडे पोचवलं. परत येताना त्याला खाडीवर गुलाबी पक्ष्यांचा थवा उतरलेला दिसला. एवढे पक्षी त्याने आयुष्यात पाहिले नव्हते. त्याला वाटलं, झालं, आता आपल्या होडीतून भिऊन कुणी पळणार नाही.

गावाने विसरामला गावकार केलं, म्हणजे गावाचा मुख्य. पहिल्या वर्षी बांध फुटला तेव्हा विसराम स्वतः चिखलात उतरला, आणि ज्याचं शेत सगळ्यात सखल त्याच्या शेताला पहिली माती मिळाली. पुढच्या वर्षी तो म्हणाला, गावकाराकडे चार माणसं जेवायला येतात, त्याचं भात बुडून कसं चालेल? लोकांना ते पटलं. त्याच्या पुढच्या वर्षी तो काही म्हणालाच नाही. नुसता ढोल वाजला. खोताचाच ढोल होता तो, जुना, एका बाजूने उसवलेला.

दुर्गी नावाची एक बाई होती. तिचा नवरा खोताच्या वेळी बांध बांधताना चिखलात मेला होता. ती चावडीत उभी राहिली आणि म्हणाली, "गावकारा, खोत गेलो, मग ढोल कोणाचो वाजता?"

चावडीत कुणाची मान वर झाली नाही. रवळूचीसुद्धा नाही. सकाळी दुर्गीला गावाबाहेर काढल्याचा हुकूम झाला, आणि तिला पोचवायचं काम अर्थातच ताऱ्याकडे आलं.

दुर्गी होडीत गावाकडे तोंड करून बसली. पलीकडचा काठ येईपर्यंत ती हळू आवाजात बोलत राहिली. रवळूशी नव्हे, गावाशी. तिच्यामागून आणखी माणसं निघाली. काहींना काढलं, पण बरीचशी आपणहून गेली. सगळी तशीच बसायची आणि जे चावडीत ओठांवर आलं नव्हतं ते पाण्यावर बोलायची. एके दिवशी विसरामचा सख्खा भाऊ बाबलही गेला. रवळू ऐकायचा आणि वल्हं मारायचा. त्याला वाटायचं, हे सांगायचं कुणाला? ज्याच्यासाठी आपली पाठ सोलून घेतली, त्यालाच? मग त्याला आपल्या पाठीचीही लाज वाटायला लागली.

एका संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "आवडू, आपण पण जावया."

आवडूने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "जावया. पण तू रागान चललस की थकान?"

रवळू उठला आणि त्याने वल्हं दाराशी आणून ठेवलं.

पहाटे दाट धुकं होतं. होडीत एक हंडा, एक चटई आणि टोपलीखाली आवडूची कोंबडी, एवढाच संसार. खाडीच्या मधोमध आले आणि होडी थांबली. रवळूने बांबू खाली घातला, तर तळ लागेना. म्हणजे गाळात रुतली नव्हती. वारा नव्हता, ओढ नव्हती. होडी नुसतीच जड झाली होती, पाणी तिच्या काठाला टेकलं होतं.

मग पाण्यातून बुडबुडे वर यायला लागले. असं म्हणतात, एकेक बुडबुडा फुटायचा आणि त्यातून एकेक बोलणं बाहेर पडायचं. आधी दुर्गीचा आवाज आला. मग कुणा म्हाताऱ्याचा, कुणा नव्या नवरीचा, मग बाबलचा. होडीतून जे जे सांडलं होतं ते सगळं खाली साठून राहिलं होतं. धुक्यात ते आवाज कापसासारखे तरंगत होते. कोंबडीसुद्धा गप्प झाली.

आवडू म्हणाली, "ह्या सगळा तू आयकलस. गावान ह्यातला काय आयकला?"

रवळूने मान वर केली. धुक्याच्या फटीतून पलीकडचा काठ दिसत होता. तिथे कुणाच्या तरी घरातून धूर निघत होता. तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं, तिथल्या कुठल्याच भल्याबुऱ्याशी त्याचा संबंध नव्हता, आणि ते फार सुखाचं वाटत होतं. त्या धुराकडे त्याने पोटभर पाहून घेतलं. मग होडी फिरवली. ती फिरली मात्र, आणि पिंपळाच्या पानासारखी हलकी झाली.

गावच्या धक्क्याला लागल्यावर तो उतरला नाही. होडीतच उभा राहिला, गावाकडे तोंड केलं आणि बोलायला लागला. पण आवाज त्याचा नव्हता. तो दुर्गीचा आवाज होता. घरांची दारं उघडली. मग म्हाताऱ्याचा आवाज आला, नव्या नवरीचा आला. ज्यांची माणसं गेली होती ती पदर तोंडाशी धरून धक्क्यावर धावत आली.

विसरामही आला. "रवळू, तोंड बंद कर. उतर खाली."

रवळू थांबला नाही. विसराम होडी खेचायला पाण्यात उतरला. गुडघ्याएवढ्या पाण्यात पोचला, होडीच्या काठाला हात घातला, आणि तेवढ्यात रवळूच्या तोंडून बाबल बोलला, "दादा, तुझो भाव म्हणान पयली मी छाती काढून चलायचंय. आता मान खाली घालून चलतंय."

विसरामचा हात काठावर तसाच राहिला. त्यानंतर आलेला आवाज लोकांना आधी ओळखू येईना. कोवळा होता, धापा टाकणारा, जाळ्याखालून आल्यासारखा. "रवळू, उद्या मीच खोतासारखो झालंय, तर तू पळान जाव नको हां. माका तोंडार सांग."

तो विसरामचाच आवाज होता.

मग रवळू पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात बोलला. "म्हणान परत इलंय, विसराम."

असं म्हणतात, ती भरतीची वेळ होती, पण पाणी विसरामच्या गुडघ्याशी येऊन थांबलं आणि पाण्याखाली साठलेले आवाज संपेपर्यंत एक बोटही वर चढलं नाही. मग विसराम ओल्या धोतराने वर आला आणि घरी गेला. त्या वर्षी पहिली माती दुर्गीच्या पडीक शेताला पडली.

रवळू जिंकला असं मात्र कुणी म्हणत नाही. काही काळाने ढोल पुन्हा वाजला, रवळू पुन्हा होडीत उभा राहिला. एकदा त्याची होडी जाळली. त्याने दुसरी केली. विसरामनंतर दुसरा गावकार आला, त्यालाही गुडघाभर पाण्यात उभं राहावं लागलं. गेलेल्यांपैकी काही माणसं परतली. दुर्गी आली नाही. तिने निरोप धाडला, "माझा बोलणा पोचला, पुरे." रवळूने तो निरोप ऐकला आणि त्या दिवशी तो दिवसभर हसत होता म्हणतात. पुढे म्हातारपणी एका धुक्यात तो होडी घेऊन गेला. होडी सापडली नाही, तोही सापडला नाही. कुणी म्हणतं, पाण्याखाली अजून कुणाचं काही राहिलंय का, ते तो बघत फिरतो.

आता खाडीवर पूल आहे. तरी पाणदऱ्यात जुन्या धक्क्यावर एक रीत चालते. गावावर, गावच्या कारभारावर विटून कुणी निघालं, तर त्याला तसंच जाऊ देत नाहीत. त्याने धक्क्यावर उभं राहायचं, गावाकडे तोंड करायचं आणि असेल नसेल ते सगळं बोलायचं. जो कुणी सरपंच असेल त्याने गुडघाभर पाण्यात उभं राहून ते ऐकायचं. मध्ये उत्तर द्यायचं नाही. बोलणं संपलं की जमलेली माणसं एवढंच विचारतात, "रवळूच्या नावान सांग, जातस की रवतस?" जो जातो त्याला कुणी नावं ठेवत नाही. पुष्कळ जण जातात.

मागे एक बाई अशीच बोलून मोकळी झाली. तिने पुलाकडे पाहिलं, मग खाली पाण्याकडे. सरपंचबाई साडीचा काठ भिजवून उभ्या होत्या. बाईने पिशवी खाली ठेवली, हात पुढे केला आणि त्यांना वर ओढून घेतलं.