कोंडाईची हाक

आपल्या पणजोबांच्याही जन्माआधीची ही गोष्ट. खडकवस्तीत तेव्हा पाऊस यायचा तो ओढ्यातून धावत खाली निघून जायचा. सुगी सरली की विहिरी तळ दाखवायच्या आणि माणसं पोटामागं मुलूख सोडायची. मागं उरायची म्हातारी आणि कुत्री.

अशाच एका वर्षी कोंडाई धनगरणीचा एकुलता एक लेक बिरू निघाला. कोंडाई म्हणाली, "जाऊ नगंस रं लेकरा."

"राहून खाऊ काय, आये?" बिरू म्हणाला आणि कोरड्या ओढ्यातून चालू लागला.

कोंडाई बघत राहिली. पाणी याच वाटेनं जातं, पोरही याच वाटेनं गेलं. पाणी अडलं असतं तर पोर अडलं असतं. तिनं तिथंच ओढ्यात पहिला धोंडा ठेवला.

असं म्हणतात, दोन गड्यांना न हलणारे धोंडे तिच्या हाताखाली कोकरासारखे चालत यायचे. लोक हसले. पण पुढल्या पावसात धोंड्यांमागं गाळ साचला आणि त्या गाळात कोंडाईची बाजरी पुरुषभर वाढली. मग हसणाऱ्यांनीही दगडाला हात घातला.

एका दुष्काळात कुणी सरदार धान्याच्या गाड्या घेऊन आला. कोंडाई म्हणाली, "दाणं चार दिस पुरत्याल, धनी. आमास्नी पहारी द्या."

त्या पहारींनी ओढाभर बांध उभे राहिले. विहिरी उन्हाळ्यातही पाणी धरू लागल्या. गेलेली माणसं एकेक करून परतली. येणाऱ्या प्रत्येकाला कोंडाई विचारायची, "माझा बिरू दिसला का रं?" कुणालाच दिसला नव्हता.

शेवटचा बांध भरला त्या संध्याकाळी कोंडाई त्यावर उभी राहिली. तिनं हाक मारली, "बिरूऽऽ, ये रं घरी!" असं म्हणतात, ती हाक डोंगरामागून डोंगर ओलांडत गेली, आणि हाकेमागोमाग कोंडाईही गेली. पुन्हा ती कुणाला दिसली नाही.

आजही पावसाळ्याआधी खडकवस्तीत घरटी एक माणूस ओढ्यात उतरतं आणि बांधाचे निखळलेले धोंडे बसवतं. दुसरं कुणी येऊन करील म्हणून वाट बघत नाही. काम झालं की गावातली सगळ्यांत थोरली बाई वाटेकडं तोंड करून बिरूला हाक मारते. मग सगळी वाटेकडं कान लावतात. न जाणो, लांबून कुणी ओ द्यायचं.